पूर्वाश्रमीची वस्तू

“गिलावा करायला पैसे उरले नाहीत वाटतं?” नवऱ्याची काँक्रीटची समाधी पाहत तिने विचारलं. “डिझाइनच असं आहे, माताजी,” शिष्य म्हणाला. भोवतालच्या बागेत फूल नव्हतं, नुसती कातरलेली हिरवळ. गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर जानवं पाण्यात सोडून नवरा संन्यासी झाला, तेव्हा जवळच रामघाटच्या घरात ती तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन बसली होती. आता भिंतीवर कोरलं होतं: ‘सर्वस्वाचा त्याग’. “गुरुजींची पूर्वाश्रमीची एखादी वस्तू द्या, काचेच्या पेटीत ठेवू,” शिष्याने हात जोडले. त्यासाठीच तिला बोलावलं होतं. ती कट्ट्यावर बसली आणि पायांतली जोडवी ओढून काढली. “घे. त्यांच्याच नावाची आहेत.” तो चटकन मागे सरला. “संन्याशाच्या समाधीपाशी बायकोची जोडवी? खाली लिहायचं काय?” तिने जोडवी समाधीवर आपटली. “भिंतीवर सर्वस्व कोरलंयत ना? त्या सर्वस्वाचं नाव लिही: शरदिनी.”