दारात अडकलेला रेणू

रेणू समाजमंदिराच्या दारात अडकला. लाल गोळा चौकटीत शिरेना आणि निळा गोळा रस्त्यावर वसमतच्या एसटीला आडवा. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

थर्माकोलचे दोन भलेथोरले गोळे आणि मध्ये बांबू, असा तो रेणू होता. मंडपवाल्या सेवानं तो सरपंच उकंडरावांच्या ऑर्डरीनं बनवला होता. "खरा रेणू डोळ्यांना दिसत नसतो, काका," असं पुतणीनं, म्हणजे शितलनं, पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. "मंग सत्कार कशाचा करायचा?" असं विचारून उकंडरावांनी फोन ठेवला होता.

शितल दोन जुनी औषधं साखळीनं जोडून एक नवं औषध करत होती. जंतू एकेकट्या औषधाला सरावले होते, जोडीला सरावले नव्हते. फोडलेल्या जंतूवर जोडी चोख चालायची. फोडलेला जंतू आधीच मेलेला असतो, एवढीच अडचण होती. धडधाकट जंतूत ती शिरतच नव्हती. अंगानं फार मोठी. सोमवारपर्यंत वाट सापडली नाही तर काम बंद, असं सरांनी बजावलं होतं. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. गावात तिच्या सत्काराचा फ्लेक्स लागला होता.

"गोळे येगळे काढतो, आत नेऊन जोडतो," सेवा म्हणाला.

"येगळे नेले की तो वळखतो," सत्कारासाठी गावी आलेली शितल पुटपुटली.

"कोण वळखतो, ताई?"

"जंतू," शितल म्हणाली. दोन वर्षं ती असल्याच एका दारात उभी होती.

मागच्या बाजूला मोठं शटर होतं. त्याची किल्ली देविदासच्या करदोट्याला होती आणि देविदास आत पहिल्या रांगेत, पंख्याखाली, आपली माणसं घेऊन बसला होता. सरपंचकीला पडल्यापासून तो उकंडरावांच्या प्रत्येक कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येऊन विरोध करत असे.

उकंडराव खिडकीशी गेले. "देविदासा, शटर खोल."

"किल्ली न्हाई."

"मंग कमरेला काय लटकून राहिलं?"

"ती दुसरी हाय."

उकंडरावांनी विनंती केली, मग दम दिला, मग त्याच्या वडलांची आठवण काढली. देविदासला या तिन्हींची सवय होती. तो पंख्याकडं बघत राहिला.

ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळलेल्या उकंडरावांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, वेळ घालवायला पुतणीला विचारलं, "बाई, हे जंतू जगतेत तरी कशावर?"

"लोहासाठी जीव टाकतेत, काकू. आपल्या रक्तातलं चोरून खातेत."

"आन् आपल्या धाकटीला डॉक्टरनं त्याच्याच गोळ्या देल्या, तर तोंड वाकडं करती," चतुराबाई म्हणाल्या. "जंतू बरे म्हणायचे."

तिकडं चुलवणावर मटण शिजलं. पातेलं उचलायला बांबू पाहिजे होता, आणि गावातले सगळे बांबू मंडपाला लागलेले. दारात एक रिकामा पडलेला आचाऱ्याला दिसला. त्याच्या दोन टोकांना गोळे होते. आचाऱ्याला गोळ्यांचं काही वाटलं नाही. त्यानं पातेल्याच्या कड्यांत दोर ओवून ते बांबूला मधोमध टांगलं. दोघांनी खांदा दिला. पातेलंही दारातून जाणारं नव्हतं, म्हणून वरात मागच्या बाजूनं निघाली. पुढं लाल गोळा, मध्ये मटण, मागं निळा गोळा.

वास आधी पोचला.

कोणी हाक मारली नाही. कोणी किल्ली मागितली नाही. आतून करदोटा ओढल्याचा, मग कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि शटर कडकडत वर गेलं. देविदास स्वतः खाली उतरला. त्याच्या माणसांनी धावत येऊन गोळ्यांना हात दिला. "सावकाश! हिकडून घ्या, हिकडून! सांडन ना!" करत त्यांनी सगळं लचांड लेकरासारखं जपून आत नेलं.

"इरोध सत्काराला हाय," देविदासनं जाता जाता खुलासा केला. "जेवणाला न्हाई."

"आला! रेणू आत आला!" उकंडराव माइकवरून ओरडले. टाळ्या पडल्या. चतुराबाईंनी ताट उचललं, पण ओवाळायला शितल जागेवर नव्हती.

ती बाहेर रस्त्यावर, आता स्वतःच एसटीला आडवी उभी होती, एका कानाला फोन आणि दुसऱ्यात बोट.

"सर, दार मोठं करायचा नाद सोडू या. रेणूच्या साखळीला लोह टांगू, जंतू आपणहून आत नेईल." ती हसत होती की रडत होती, हे हॉर्नमुळं कळत नव्हतं. "किल्ली जंतूच्याच कमरेला आहे, सर."