टोरांटो ते डहाणू

"आई झोपलीय," नारूने फोनवर सांगितलं. "औषधाची गुंगी आहे. तू निवांत ये."

"बरं," कल्पिता म्हणाली. "बोर्डिंग सुरू झालंय, बाबा. ठेवते."

तिच्या आईला, सोनूबाईला, जाऊन चार तास झाले होते.

पुतण्या पियुषने मोबाइलवर बघून सांगितलं, टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. फ्रँकफर्टला विमान बदलायचं, तो थांबा धरून एकोणीस तास. पुढे डहाणूपर्यंत गाडीने तीन.

"काका, तिला सांगून टाका," शेजारची दक्षा म्हणाली. "उद्या दारात कळलं तर काय होईल तिचं?"

"आणि आत्ता सांगितलं तर? एकोणीस तास परक्या माणसांत पट्टा बांधून बसेल पोरगी. रडायचं झालं तर कुणाच्या गळ्यात पडेल? इथं मी आहे."

कुणीही कल्पिताला कळवायचं नाही, असं त्याने एकेकाला बजावलं.

पियुषने बंदरावरून बर्फाच्या लाद्या आणल्या. तलासरीहून सोनूबाईची बहीण रखमी आली, तिने दारातच हंबरडा फोडला. दुपारी तीनला फोन वाजला तसा नारूने हात वर केला. भरलेलं घर गप्प झालं. रखमीने पदर तोंडात कोंबला.

"फ्रँकफर्टला पोचले, बाबा."

आईला फोन दे म्हणाली तर डॉक्टर तपासतायत म्हणायचं, असं नारूने ठरवून ठेवलं होतं. पण ती तसं म्हणालीच नाही.

"तू काही खाल्लंस का, बाबा?"

"हो. भात खाल्ला." घरात चूल पेटली नव्हती.

"आणि तुझी बीपीची गोळी?"

"घेतली."

"एकटा बसू नको. दक्षाला बोलव सोबतीला."

"बरं."

फोन बंद झाला आणि घर पुन्हा रडायला लागलं. नारू रडला नाही. पुढच्या फोनला आवाज फुटला तर पोरीला कळेल, ही त्याला धास्ती. बेचाळीस वर्षं समुद्रावरून आल्यावर सगळं तो सोनूबाईलाच सांगत आला होता. आता तिच्याच उशाशी बसून, कल्पिताला काय नि कसं सांगायचं ते तो मनात जुळवत राहिला. एक वाक्य धड जुळेना.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गाडी दारात थांबली. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. नारूने त्यांना हातानेच मागे ठेवलं आणि एकटा पुढे गेला.

"कल्पू..." तो म्हणाला. "अगं, आई..."

कल्पिताने त्याला जवळ घेतलं. तो बिलगून रडायला लागला, कालपासूनचं सगळं एकदम. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग तिने खांद्यावरची बॅग उघडली. सवाष्णीला शेवटची नेसवतात तशी कोरी हिरवी साडी बाहेर काढली, वर हिरव्या बांगड्या.

"आईला नेसव म्हणावं मावशीला," ती हळूच म्हणाली. "विमानतळावर जाताना टोरांटोतच घेतली."