एकशेबारा मिनिटं
सोलापुरातल्या प्रयोगशाळेत दानेश्वरीची पीएचडीची तोंडी परीक्षा चालू होती. पेशीतली कोणती जनुकं किती कामाला लागलीत, यावरून पेशी किती वेगानं वाढतील हे सांगणारं गणित तिनं पाच वर्षं खपून बसवलं होतं. परीक्षकांनी स्वतःच्या यीस्टची जनुकनोंद पुढं केली. “हे दुप्पट व्हायला किती वेळ?” “एकशेबारा मिनिटं,” ती म्हणाली. “चूक! मी मोजलंय, नव्वद.” वळसंगहून आलेली आई मागं बसून ऐकत होती. दानेश्वरीनं आकडा सोडला नाही. “सर, इथंच मोजूया की.” परीक्षकांनी सोबत आणलेलं यीस्ट मदतनीस बसूमामांनी वाढायला ठेवलं. सगळे जेवण विसरून थांबले. चारला मामा ओरडले, “एकशेबाराच हाय की, सर!” परीक्षकांनी आकडे तपासले आणि ते उठून उभे राहिले. “चूक माझी होती, डॉक्टर दानेश्वरी.” आईनं शेजारच्या अनोळखी प्राध्यापिकेलाच मिठी मारली.