पाऊण मिनिटाचे हात

सिनेमाचं नाव यायच्या आत टीव्हीच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. उरलेला वेळ : एक तास वीस मिनिटं. आईला चष्मा सापडेपर्यंत ती ओळ निघूनही गेली. मुलानं मात्र ती पुरती वाचली होती. बाबांचे हात दिसतात ते एक तास पंचविसाव्या मिनिटाला.

फक्त हातच. चाळीस वर्षांपूर्वी शूटिंगवाले बाबांच्या सलूनमध्ये आले होते. दाढी करणाऱ्याचं काम ज्या नटाला दिलं होतं त्याला वस्तरा धरता येईना, आणि नायक काही त्याच्यापुढे गळा धरायला तयार होईना. शेवटी चेहरा नटाचा राहिला आणि हात बाबांचे घेतले, पाऊण मिनिटभर. आईनं तो सिनेमा त्यांच्यासोबत थिएटरात चार वेळा पाहिला. तो प्रसंग आला की बाबा लाजून आपले हात मांडीखाली दडपून बसायचे. बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

हा सिनेमा घरच्या टीव्हीवर सापडला तेव्हा तिथं विकत घ्यायची सोयच नव्हती, नुसता भाड्यानं मिळत होता. पण लेकीकडे गेलेली आई फोनवर म्हणाली होती, "घर भाड्याचं, दुकान भाड्याचं. हे एवढं तरी आपलं असू दे." मग तो विकतच घेतलाय, कायमचा आपला झालाय, असं मुलगा बोलून बसला. परवा दुपारी, तो प्रसंग कापलेला तर नाही ना, हे बघायला त्यानं सिनेमा जरासा चालवून पाहिला. एकदा चालू केला की अठ्ठेचाळीस तासांत बंद होणार, ही सूचना त्यानं सगळे करतात तसं न वाचताच 'ठीक आहे' दाबून उडवून लावली होती. ती आज सकाळी वाचली. कालपासून तर तो भाड्यानं मिळणंही बंद झालं होतं. आणि आईची गाडी नेमकी आज दोन तास उशिरा आली.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको त्याला खुणा करत होती, सांगून टाका म्हणून. त्यानं नजर टीव्हीकडे वळवली.

पहिलं गाणं लागलं तसं त्यानं आईला विचारलं, हे गाणं पुढे पळवू का. आईनं नकारार्थी मान हलवली. अर्ध्यातून बघायचा असता तर तुझे बाबा थिएटरची पायरी चढले नसते, म्हणाली. तिला पोचवायला आलेल्या मामांना तेवढ्यात हात धुवायची आठवण झाली. "थांबव रे जरा," म्हणत ते उठले. सिनेमा थांबला. घड्याळ कशाला थांबतंय. मामांनी नळ किती वेळ सोडला होता, हे मुलगा जन्मभर विसरणार नव्हता.

प्रवासानं आईचे डोळे मिटत होते. तिची मान कलली तशी त्यानं हळूच रिमोट दाबला आणि दहा मिनिटं गिळली. तिनं डोळे उघडले.

"ती सायकलवाली कुठे गेली? तिचं पत्र यायचंय अजून."

"आलं ना आई. तू झोपली होतीस."

"पत्र आलं की भांडं पडतं खाली. आवाजानं जागी झाले असते मी. मागे ने."

त्यानं मागे नेलं. पत्र आलं, भांडं पडलं, आई समाधानानं मागे टेकली. त्यानं घड्याळ पाहिलं. तीन चाळीसला सगळं संपणार होतं आणि आता तीन सदतीस झाले होते.

मग मात्र त्याला राहवेना. त्यानं रिमोट उचलला आणि दाबत सुटला. माणसं पडद्यावर वेड्यासारखी धावू लागली. आई "अरे, अरे" म्हणत राहिली. सलूनची पाटी दिसली तसा तो थांबला. नायक आत आला, खुर्चीत बसला. त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड आलं. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज ऐकू आला, आणि आई पुढे सरकली.

पडदा काळा झाला.

आईनं त्यावरची अक्षरं एकेक करत मोठ्यानं वाचली. "भाड्याची... मुदत... संपली आहे."

"मी भाड्यानंच आणला होता," मुलगा शेवटी म्हणाला. "तुझ्याशी खोटं बोललो मी, आई."

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. आधी तिनं मुलाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दोन दिवसांची दाढी वाढलीय तुझी. खिडकीपाशी बस," ती भावाला म्हणाली. आणि मुलाला म्हणाली, "त्यांचा वस्तरा आण."

मामा निमूटपणे जाऊन बसले. बायकोनं टॉवेल आणि गरम पाणी दिलं. मुलानं फेस केला, वस्तरा उघडला, मामांच्या कानाखाली टेकवायला गेला आणि थांबला. सलूनमध्ये रोज वीस दाढ्या करणारा त्याचा हात थरथरत होता.

"घाई नको," आई म्हणाली. "त्या दिवशी त्यांचाही असाच थरथरत होता. सात वेळा घेतलं, तेव्हा कुठे जमलं."

हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं. तिनं आपली खुर्ची ओढून बाजूला घेतली, मुलाचं तोंड दिसणार नाही आणि हात तेवढे दिसतील अशी. वस्तरा चालू लागला. आई पापणी न हलवता बघत होती, आणि मामा श्वास धरून बसले होते.

दाढी झाली. मामांनी गालावरून हात फिरवला. मुलानं वस्तरा पुसून मिटला, येऊन तिच्या शेजारी बसला आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दडपले.