अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन

थर्मामीटर वाजला. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. जा आत."

ते निवृत्त तिकीट तपासनीस. किडनी बदलल्यापासून दाराशी खुर्ची टाकून बसत आणि ताप मोजल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशींचा तर रोज दोनदा मोजत.

मुलगी आत आली. दोन तासांपूर्वी घरी तिला एकशे एक होता. शाळेच्या कामात तीन रविवार बुडाले होते, आणि आज येतेच, असं तिने फोनवर दोनदा कबूल केलं होतं. तिने गोळी घेतली, घाम फुटेपर्यंत वाट पाहिली आणि मग निघाली.

"सध्या काय शिकवताय, मास्तरीणबाई?"

"प्रतिकारशक्ती. नववीला."

"मग माझंच उदाहरण द्या. एका म्हाताऱ्याने आपलं सगळं सैन्य गोळ्या देऊन झोपवलंय. का? तर बायकोने दिलेल्या किडनीवरच ते तुटून पडत होतं."

"सैन्याचं काय घेऊन बसलात," आई आतून म्हणाली, "तुम्ही काय कमी तुटून पडलात माझ्यावर?"

"पण जिंकलो का एकदा तरी?"

हसता हसता मुलीला खोकला आला. तो तिने गिळला. ओट्याशी मावशी मात्र साबणाची पूड नाकात जाऊन चांगल्या मोकळ्या खोकल्या. वडिलांनी लगेच थर्मामीटर उचलला. "या मावशी, परत काखेत धरा." आकडा बरोबर निघाला.

निघताना त्यांनी मुलीचा हात हातात घेतला.

"गरम लागतोय गं."

"चहाचा कप धरला होता, बाबा."

"असेल. माझे हात आता मेले कशाच्याच कामाचे राहिले नाहीत."

अकराव्या दिवशी ते गेले. संसर्ग छातीत उतरला होता. शेवटपर्यंत त्यांना ताप असा चढलाच नाही. ताप जंतू आणत नाहीत, लढण्यासाठी शरीरच तो चढवतं, हे तिने फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. गोळीने ताप उतरतो, जंतू असतात तिथेच असतात. हेही लिहिलं होतं.

महिन्याभराने मावशी आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"बाई, आजार मी आणला, असं तुम्ही संस्थेत कळवलंत. त्यांनी माझं नाव काढून टाकलं. आता कुठल्याच पेशंटकडे पाठवत नाहीत."

"खोकलात ना त्या दिवशी?" आईचा आवाज चढला नव्हता. "पोटातली किडनी काढून दिली होती मी त्यांना. घरात आम्ही दोघं, तुम्ही, आणि आलेली ही. मग आलं कुठून? ही तर शिकलेली."

"साहेबांनी स्वतः ताप मोजला होता माझा."

"खोकला थर्मामीटरात दिसत नाही."

मावशींनी मुलीकडे पाहिलं. ती वडिलांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, तुम्हीच सांगा ना बाईंना. तुम्हाला यातलं कळतं."

"कुठून आलं ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले," ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. महिनाभर ती भेटेल त्याला तेच सांगत होती.

मावशींनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

"थांबा, मावशी."

हातातला सदरा तिने खाली ठेवला. आईकडे वळली, पण मान वर होईना.

"आई, ताप मला होता. एकशे एक. बाबांना कळू नये म्हणून मी गोळी घेऊन आले होते."