आईची खोली

"पलंग गुडघ्याएवढा उंच हवा," मिलुन्का म्हणाली. "त्याहून खाली असला की म्हाताऱ्या माणसाला उठताना देव आठवतो."

यास्नाने लगेच वहीत लिहून घेतलं. अशी ऐकणारी सून मिळायला नशीब लागतं. अकरा वर्षांत यास्नाने सासूचं इतकं कधी ऐकलं नव्हतं, हेही खरं.

नोवी साद शहरातल्या त्या नव्या फ्लॅटला अजून रंगाचा वास येत होता. एक बैठकीची खोली, एक नवरा-बायकोची आणि तिसरी पूर्वेकडची, सकाळचं ऊन येणारी. त्या तिसऱ्या खोलीसाठी यास्ना दर शनिवारी सासूला गावाहून बोलावून घेत होती.

फ्लॅटसाठी मिलुन्काने गावचं घर विकलं होतं, आलुबुखाऱ्याच्या बागेसकट. शेजारणी म्हणाल्या होत्या, "अगं, निदान मागची पडवी तरी ठेव."

"गोइको पोटचा पोरगा आहे माझा," ती ठसक्यात म्हणाली होती. "मी काय देसान्कासारखी उघडी पडलेय?"

देसान्का म्हणजे विहीणबाई, यास्नाची आई. विधवा, मुलगा नाही, किकिंदात पेन्शनवर एकटी राहणारी. म्हातारपणी तिला कोण विचारणार? मिलुन्काला तिची कीव यायची आणि कीव करताना थोडं बरंही वाटायचं.

"भिंतीला फिकट जांभळा कसा दिसेल, आई?" यास्नाने विचारलं.

"शी! इस्पितळातल्या गाऊनसारखा. पिवळा लाव. ऊन खुलतं."

यास्ना जराशी घुटमळली. "जांभळाच ठरवलाय. गोइकोलाही आवडला."

"मग विचारतेस कशाला? लाव बाई. शिकलेली माणसं तुम्ही."

"आणि न्हाणीघरात धरायला दांडी लावतोय."

"माझ्यासमोर दांडीचं नाव काढू नकोस! परवाच शिडी लावून पत्र्यावर चढले होते मी."

यास्नाला हसू आलं. "तुम्ही शंभरी गाठणार, आई. पण असलेली बरी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गोइको होता. "हो, आईच्या खोलीचंच चाललंय," असं म्हणत यास्ना गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. मिलुन्काने डोळे पुसले. पोरगा कामावरून फोन करून आईच्या खोलीची चौकशी करतो, आणि गावात म्हणतात शहरात माणुसकी उरली नाही.

मग तिने हात आखडता घेतलाच नाही. खिडकीपाशी उंच पाठीची खुर्ची हवी. गोळ्या-औषधांचा कप्पा पलंगावरून हात पोचेल असा. कॉफीची किटली खोलीतच, कारण म्हातारं माणूस पहाटे उठतं, उगाच पोरांची झोप मोडायला नको. जमिनीवर घालायला तिने स्वतःच्या मागावर विणलेला गालिचा आणून दिला. तीस वर्षं तो तिने पेटीतून बाहेर काढला नव्हता.

"आणि पूर्वेची भिंत मोकळी ठेव," तिने बजावलं. "तिथे घराण्याच्या संताची तसबीर."

"आहे लक्षात," यास्ना म्हणाली. "खिळा ठोकून घेतलाय."

राहायला जायच्या दिवशी गोइको गाडी घेऊन आला. मिलुन्काने घराची किल्ली नव्या मालकाच्या हातात दिली, फाटकापाशी एकदाच रडली आणि पुढे बसली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला संत निकोला. सासऱ्यांच्या आजोबांपासून तो घरात होता. संत बापाकडून मुलाकडे येतो आणि एका घराण्याचा एकच असतो.

वाटेत दोनदा गोइकोने तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाचा बसली का रे?"

"झोप झाली नाही, आई."

गाडी थांबताच ती डिकीकडे गेली.

"बॅग राहू दे," तो म्हणाला. "आपल्याला अजून पुढे जायचंय."

"कुठे?"

"शहराबाहेर. बाग आहे तिथे मोठी. तुला आवडेल." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आधी वर ये. यास्ना म्हणते, तू एकदा खोली बघावीस. तूच तर सगळं सांगितलंस."

बागेतल्या हॉटेलात जेवण असणार. एरवी कॉफीसुद्धा घरूनच पिऊन निघणारा पोरगा आज खिशात हात घालणार, म्हणून तिला गंमत वाटली. गोइको किल्ल्या खेळवत खालीच थांबला. यास्नाने तिला दारातून आत घेतलं आणि स्वतः पुन्हा जिन्याकडे गेली.

खोली सांगितली तश्शी झाली होती. जांभळा रंगही वाईट दिसत नव्हता. मिलुन्का पलंगावर बसली आणि सहज उठली. खुर्ची खिडकीपाशी होती, किटली कोपऱ्यात, पायाखाली तिचा गालिचा. आता इथेच डोळे मिटले तरी चालतील, असं तिला वाटलं.

पूर्वेच्या भिंतीवर मात्र आधीच एक तसबीर टांगलेली होती. संत जॉर्ज, घोड्यावर बसून भाला चालवणारा.

"काय तरी बाई पोरं!" ती एकटीच हसली. "स्वतःच्या घराण्याचा संत ठाऊक नाही. दिसला तो घोडेवाला उचलून आणला." तिने टॉवेल सोडला आणि खिळ्याकडे हात नेला.

"आई, ये ना आत," दारातून यास्नाचा आवाज आला. "तुझी खोली बघ."

मिलुन्काचा हात तसाच राहिला. सासू म्हणून गेली अकरा वर्षं 'अहो आई, तुम्ही'. आज पहिल्यांदा पोरीच्या तोंडून 'तू' आलं होतं. पोटच्या मुलीने हाक मारावी तसं.

"आले गं, आले," म्हणत ती वळली.

यास्ना फ्लॅटच्या दारात पाठमोरी उभी होती आणि विहीणबाईंच्या हातातली काठी धरून त्यांना शेवटची पायरी चढवत होती.