जावईबापू, खाली उतरा

"माकडं चढतात झाडावर," ऑर्विन पुटपुटला. "माणसानं जमिनीवर बसावं."

ओकच्या बुंध्याला पाठ लावून तो बसला होता. त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याची मुलगी जोलीन. हे वाक्य तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते कॉफीच्या वेळी, तिच्या नवऱ्याच्या तोंडावर. ग्लेन तेव्हा मचाणावर चढायचा पट्टा कमरेला आवळत होता.

"आले बघा आमचे जावईबापू, लंगोट कसून," म्हातारा म्हणाला होता. "पंधरा फुटांवर खुर्ची टाकणार, सँडविच खाणार, आणि खालून हरीण गेलं की वरनं गोळी सोडणार. ही शिकार नव्हे. हे पेटीत पत्र टाकणं झालं."

सगळे हसले होते. ग्लेनही हसला होता. शिकारीच्या मुक्कामाच्या त्या खोलीच्या भिंतीवर सदऱ्यांची कापलेली टोकं खिळ्यांना लटकत होती. आमच्याकडे विस्कॉन्सिनात हरणावरचा नेम चुकला की शिकाऱ्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापतात आणि नाव घालून भिंतीला ठोकतात. सातांतली चार टोकं ग्लेनची होती.

"एकदा तरी खाली उतरा, जावईबापू. हरणाच्या डोळ्याला डोळा द्या."

आता उजाडून तासभर झाला होता. ऑर्विननं पायाखालचा बर्फ आणि पानं बुटानं सारून काळी माती उघडी केली होती, म्हणजे पाय हलला तरी वाजणार नाही. वारा तोंडावर येत होता. जमिनीवरच्या शिकाऱ्याला जे जे यायला हवं ते सगळं त्याला येत होतं. झोपेतसुद्धा आलं असतं.

"डावीकडे," जोलीन कुजबुजली. "भूर्जाच्या पलीकडे. मादी आहे, पिल्लू आहे बरोबर."

"दिसतंय मला." म्हातारा भूर्जाच्या उजवीकडे बघत राहिला. "पिल्लाच्या आईवर मी गोळी वाया घालवत नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. तीन हिवाळे हे असंच चाललं होतं. ती सांगायची, मग त्याला दिसायचं.

मचाणावरून सुटलेली गोळी चुकली तर मातीत घुसते. जमिनीवरून सुटलेली सरळ जात राहते, काहीतरी आडवं येईपर्यंत. हे जोलीनला त्यानंच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना, आणि दोनदा म्हणून घेतलं होतं.

समोरच्या झुडपात काटकी मोडली. मग काही नाही. मग दुसरी. हरीण असंच येतं, दोन पावलं टाकतं, थांबतं, कान देतं. ऑर्विनची बंदूक खांद्याला लागली. खटका सरकवल्याचा आवाजसुद्धा त्यानं होऊ दिला नाही.

"थांबा, बाबा."

"शू."

"मला काही दिसत नाही अजून. थांबा."

"तुला नसेल दिसत. दहा टोकांची शिंगं आहेत. मान वर केलीय बघ त्यानं."

झुडपातलं ते काहीतरी उभं राहिलं. नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट, शिकाऱ्यावर शिकाऱ्याची गोळी सुटू नये म्हणून घालतात ते. पांढऱ्या बर्फात शेकोटी पेटावी तसं. जोलीननं तळहातानं नळी वर ढकलली. बार उडाला. ओकच्या फांद्यांवरचा बर्फ भसाभस दोघांच्या अंगावर आला.

"घालवलंस," म्हातारा म्हणाला. रागानं त्याची हनुवटी हलत होती. "नवऱ्याचा गुण लागला तुला. असं हरीण आयुष्यात दोनदा येत नाही."

झुडपातून ग्लेन बाहेर आला. बंदूक पाठीवर, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, चेहरा पांढराफटक. मचाण सोडून पाव मैल तो चालत आला होता, एकेक पाऊल चाचपत. जन्मात पहिल्यांदा त्याचं चालणं हरणासारखं झालं होतं.

"खाली उतरलो, बाबा," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही म्हणता तसं एकदा करून बघावं."

म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "या. उजाडलं का तुमचं? हिनं माझं हरीण घालवलं. त्या झुडपात उभं होतं, हा एवढा नर. तुम्ही तिथूनच आलात ना? तुम्हांला तरी दिसलं, की तिथंही सँडविच खात होता?"

ग्लेननं वळून झुडपाकडे बघितलं. मग बायकोकडे.

"दिसलं की," तो म्हणाला. "मोठं होतं. अगदी माझ्या जवळून गेलं."

"ऐकलंस?" ऑर्विन मुलीला म्हणाला. "याला दिसलं. याला!"

ग्लेननं डोळ्यांनीच तिला विनवलं, राहू दे. घरातला प्रत्येक माणूस तिला असंच विनवत आला होता आणि तिनं राहू दिलं होतं. आताही हा माणूस गोळीतून जेमतेम वाचला होता, आणि तो म्हाताऱ्याचं हरीण सांभाळत होता. त्या मायेची तिला एकाएकी शिसारी आली. त्याच्या, घराच्या, सगळ्यात जास्त स्वतःच्या.

तिनं बापाच्या हातातून बंदूक काढून घेतली. उरलेल्या गोळ्या एकेक करून बर्फात पाडल्या.

"हरीण नव्हतं, बाबा. ग्लेन होता," ती म्हणाली. "तुम्हांला दिसत नाही."